स्कूटर आजोबांच्या नावावर, किल्ली नातवाच्या हाती

घरातील दुचाकीचे आरसी बुक आपण अखेरचे कधी उघडून पाहिले? साठी ओलांडलेल्या वाचकांपैकी बहुतेकांना हे उत्तर देण्यासाठी कपाटातील कागद धुंडाळावे लागतील. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव अशा गावांतील कितीतरी घरांत स्कूटर ही सेवानिवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून घेतलेली असते आणि साहजिकच ती आजोबांच्या किंवा आजींच्या नावावर नोंदलेली असते. पहिली काही वर्षे बाजारहाट, बँकेतील निवृत्तिवेतन, नातलगांकडची कार्ये या गाडीवरूनच होतात. पुढे गुडघे कुरकुरू लागतात, डोळ्यात मोतीबिंदू वाढू लागतो आणि गाडी अंगणात उभी राहते. मग अकरावीतला नातू किंवा दहावीतली नात किल्ली मागते. मुलगा आणि सून नोकरीसाठी नागपूरला ये-जा करीत असतात, शिकवणीचा वर्ग पहाटे असतो आणि 'एवढ्या चौकापर्यंतच तर जायचे आहे' या वाक्यापुढे आजी-आजोबांचा निरुपाय होतो.

ही किल्ली हातून सुटण्यापूर्वी काही गोष्टी नीट माहीत असाव्यात, एवढ्याचसाठी हा लेख. शिकाऊ अनुज्ञप्ती, म्हणजे आपण ज्याला 'लर्निंग लायसन' किंवा 'कच्चे लायसन' म्हणतो, ती कशी काढावी हे मुले संगणकावर आपल्यापेक्षा लवकर शोधून काढतात. परंतु ती कोणत्या वयात, कोणत्या गाडीसाठी मिळते आणि मिळाल्यावर तिच्या आधारे नेमके काय करता येते, याविषयी घरोघरी मोठा गैरसमज आहे. त्या गैरसमजाचा भार कायद्याने ज्यांच्यावर टाकला आहे त्यांत गाडीचा नोंदणीकृत मालक आहे. आपल्या घरात तो मालक बहुधा आपणच असतो.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या चौथ्या कलमानुसार सार्वजनिक जागी मोटार वाहन चालविण्यास वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. याला एकच सवलत आहे. ज्या दुचाकीच्या इंजिनाची क्षमता पन्नास सीसीहून अधिक नाही, ती वयाच्या सोळाव्या वर्षानंतर चालविता येते. त्यासाठी अनुज्ञप्ती लागतेच आणि अर्जदार अठराच्या आतील असल्यामुळे पालकांची लेखी संमतीही लागते. ही सवलत ज्या काळात कायद्यात होती तो काळ आपल्या पिढीने पाहिला आहे. पुण्याच्या कायनेटिक कंपनीची लूना १९७२ मध्ये आली आणि पाहता पाहता शिक्षक, तलाठी, पोस्टमन आणि महाविद्यालयात जाणाऱ्या मुलींची ती गाडी झाली. चढ आला की पायडल मारावे लागे. वेग इतका की पाठीमागून सायकलवाला हाक मारून थांबवू शके. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती ती देण्यात फारसे धाडस नव्हते.

आज ती लूना नाही, पण सवलत मात्र कागदावर तशीच आहे. शोरूममध्ये पेट्रोलवर चालणारी पन्नास सीसीच्या आतील दुचाकी जवळपास मिळतच नाही. घरोघरी असलेली अॅक्टिव्हा ११० सीसीच्या आसपासची. खेड्यांत दूध आणि पोती वाहणारी साधी मोपेडसुद्धा आता शंभर सीसीची झाली आहे. म्हणजे 'सोळा पूर्ण झाली, बिनगिअरचे लायसन काढले, आता स्कूटर चालवायला हरकत नाही' हे जे आपण सर्रास ऐकतो, ते चुकीचे आहे. गिअर नसणे ही सवलतीची अट नाही. इंजिन पन्नास सीसीच्या आत असणे ही अट आहे. मुलाच्या हाती अनुज्ञप्ती असेल तर तिच्यावर वाहनाचा कोणता प्रकार छापला आहे, हे चष्मा लावून एकदा वाचावे. पन्नास सीसीची अनुज्ञप्ती घेऊन ११० सीसीची गाडी चालविणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने विनाअनुज्ञप्ती चालविणेच होय.

यावर शहाणपणाचा तोडगा म्हणून अनेक घरांत विजेवर चालणारी छोटी स्कूटर आली आहे. तिला लायसन लागत नाही, असे दुकानदार सांगतो. हे अर्धसत्य आहे. ज्या विद्युत दुचाकीच्या मोटारीची शक्ती २५० वॅटच्या आत आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आहे, तिलाच ठरलेल्या अटींवर अनुज्ञप्ती आणि नोंदणी यांतून सूट आहे. गाडी घेताना हे दोन्ही आकडे तिच्या प्रमाणपत्रावर पाहून घ्यावेत. तारेचा एखादा जोड बदलून वेग वाढवून देणारे कारागीर सर्वत्र भेटतात. असा वेग वाढविला की ती सूट संपते आणि मुलगा पुन्हा विनाअनुज्ञप्ती चालकच ठरतो.

खेड्यातील वाचकांसाठी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराने वावरात ट्रॅक्टर फिरविला की आजोबांची छाती फुगते. वावर ही आपली खाजगी जागा. परंतु वावरातून निघून गावाच्या रस्त्याला लागलेला ट्रॅक्टर सार्वजनिक जागी आलेला असतो आणि तेथे अठराचीच अट लागू होते. मागे कापसाची ट्रॉली जोडलेली असेल तर धोका किती वाढतो, हे हिंगणघाटच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता मालकाच्या जबाबदारीविषयी. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १९९-अ हे नवे कलम घातले. अल्पवयीन मुलाने वाहनासंबंधी गुन्हा केला तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची आणि पंचवीस हजार रुपये दंडाची. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत अनुज्ञप्ती मिळत नाही. या कलमाचा सर्वांत कठोर भाग मात्र शिक्षेत नाही, गृहीतकात आहे. मुलाने गाडी नेली ती मालकाच्या संमतीनेच नेली, असे न्यायालय आधी गृहीत धरते. आपल्याला ठाऊक नव्हते, किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. किल्ली खुंटीवर टांगलेली असते आणि घरात कोणीही ती उचलतो, अशा परिस्थितीत हे सिद्ध करणे सोपे नाही. मुलाकडे वैध शिकाऊ किंवा पक्की अनुज्ञप्ती असेल आणि तो तिच्यात नमूद असलेलेच वाहन चालवीत असेल, तर पालकाला या कलमातून सूट आहे. वाहनाचा प्रकार तपासण्याचा आग्रह वर धरला तो याचसाठी.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगर येथे भरधाव आलिशान मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत असल्याचा आरोप होता आणि पुढे त्याच्या वडिलांना अटक झाली. त्या वेळी आपल्याकडे चौकाचौकांत चर्चा झाली ती श्रीमंतांच्या मुलांची, महागड्या मोटारींची आणि पुण्याची. कलम मात्र मोटारीची किंमत विचारीत नाही. आर्वी नाक्यावर शिकवणीहून परतणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाच्या स्कूटरलाही तेच लागू आहे.

विम्याचेही असेच आहे. अपघातात दुसऱ्या कोणाला इजा झाली आणि चालविणाऱ्याकडे वैध अनुज्ञप्ती नसल्याचे निघाले, तर न्यायाधिकरण अनेकदा विमा कंपनीला जखमी व्यक्तीस भरपाई देण्यास सांगते आणि ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला देते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मधील स्वरणसिंग प्रकरणात याविषयीची तत्त्वे सविस्तर मांडली आहेत. जखमीच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. पण वसुलीची ती नोटीस निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाच्या नावाने येते, हेही लक्षात असू द्यावे.

मग नातवाला अठरा पूर्ण होईपर्यंत थांबावे आणि नंतर रीतसर मार्ग धरावा, हे उत्तम. अर्ज 'सारथी' या सरकारी संकेतस्थळावर करावयाचा असतो. आपल्या जिल्ह्यासाठी वर्ध्याचे उपप्रादेशिक परिवहन कार्यालय, म्हणजे एमएच ३२, निवडावे. वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि छायाचित्र लागते. शुल्क प्रत्येक वाहनप्रकारासाठी दीडशे रुपये आणि चाचणीचे पन्नास रुपये, असे केंद्रीय नियमांत आहे. मध्यस्थ याच्या कितीतरी पट मागतो. घरात संगणक जाणणारे मूल असताना त्याच्याकडे जाण्याचे प्रयोजन मला तरी दिसत नाही. चाचणीत वाहतुकीची चिन्हे, रस्त्याचे नियम, अपघात घडल्यास चालकाचे कर्तव्य, फाटक नसलेले रेल्वे रूळ ओलांडताना घ्यावयाची काळजी, गाडीत कोणती कागदपत्रे असावीत, असे प्रश्न असतात. साठ टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात, म्हणजे पंधरा प्रश्नांपैकी नऊ.

जून २०२१ पासून महाराष्ट्रात आधार क्रमांकाच्या साहाय्याने ही चाचणी घरबसल्याही देता येते. सोय चांगली आहे. आर्वी किंवा आष्टी तालुक्यातील मुलाची वर्ध्याची एक फेरी वाचते. परंतु घरी चाचणी म्हणजे शेजारी बसलेल्या चुलतभावाने उत्तरे सांगावयाची, असा तिचा अर्थ काही घरांनी लावला आहे. ज्याला थांबण्याचे चिन्ह ओळखता येत नाही त्याला चाचणीत उत्तीर्ण करून आपण त्याच्यावर कोणते प्रेम करतो? आजी-आजोबांनी येथे एक काम अवश्य करावे. चाचणीच्या आधीच्या आठवड्यात रोज रात्री जेवणानंतर दहा चिन्हे विचारावीत. आपली स्वतःचीही उजळणी होते आणि काही चिन्हे आपण चाळीस वर्षे चुकीची समजत होतो, असेही ध्यानात येते.

शिकाऊ अनुज्ञप्ती सहा महिने चालते. ती मिळाल्यावर तीस दिवसांनंतर आणि मुदत संपण्याच्या आत पक्क्या अनुज्ञप्तीची चाचणी द्यावी लागते. या मधल्या काळासाठीच्या अटी फार थोड्या घरांना माहीत असतात. गाडीच्या पुढे आणि मागे, पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल रंगातील इंग्रजी 'एल' अक्षराची, किमान अठरा सेंटिमीटर चौरस पाटी असावी लागते. शिकणाऱ्याबरोबर वैध अनुज्ञप्ती असलेली शिकविणारी व्यक्ती असावी लागते आणि गाडी थांबविता येईल अशा जागी ती बसलेली असावी लागते. शिवाय दुचाकी शिकणाऱ्याने अशा शिकविणाऱ्या व्यक्तीखेरीज कोणालाही मागे बसवावयाचे नाही.

हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे. 'लर्निंग निघाले, आता आजीला दवाखान्यात नेत जा' असे घरात ज्या दिवशी म्हटले जाते, त्याच दिवशी नियम मोडलेला असतो. आजींकडे स्वतःची वैध अनुज्ञप्ती असेल आणि त्या शिकवीत असतील तरच त्यांना मागे बसता येईल. यामागे साधे शहाणपण आहे. मागे माणूस बसला की दुचाकीचा तोल, ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतर आणि वळणावरचा कल, सगळेच बदलते. त्यातून मागचा माणूस सत्तरीचा असेल तर त्याला पटकन पाय टेकता येत नाहीत, संधिवाताच्या बोटांनी घट्ट धरता येत नाही आणि हाडे ठिसूळ झालेली असतील तर गाडी नुसती कलंडली तरी खुब्याचे हाड मोडू शकते. तरुण पडला तर खरचटते, म्हातारा पडला तर महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो. हे अस्थिरोग विभागात काही काळ काढलेल्या कोणत्याही कुटुंबाला ठाऊक आहे.

आता या सगळ्या प्रक्रियेतील जो भाग आरोग्यविषयक पाक्षिकाच्या वाचकांनी सर्वांत लक्षपूर्वक पाहावा, त्याकडे वळू. अर्जासोबत 'नमुना १' नावाचे स्वयंघोषणापत्र भरावे लागते. चाळिशीच्या आतील खाजगी वाहनचालकाला डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागत नाही. त्याने आपल्या प्रकृतीविषयी स्वतः खरे सांगावे, एवढीच अपेक्षा असते. मुले हे प्रश्न न वाचता खुणा करीत जातात. तसे होऊ देऊ नये. तो कागद घरातील वडीलधाऱ्यांनी मुलाशेजारी बसून भरावा.

एक प्रश्न दृष्टीचा आहे. स्वच्छ उजेडात पंचवीस मीटर अंतरावरून मोटारीच्या क्रमांकाची पाटी प्रत्येक डोळ्याने वाचता येते काय? 'प्रत्येक डोळ्याने' हे शब्द महत्त्वाचे आहेत. एक डोळा कमजोर असला तरी दुसरा सांभाळून घेतो आणि मुलाला वर्षानुवर्षे काही कळत नाही. ही चाचणी अंगणात करता येते. साधारण पस्तीस पावले मोजावीत, एक डोळा तळहाताने झाकून मुलाला शेजाऱ्याच्या गाडीचा क्रमांक वाचावयास सांगावा, मग दुसरा डोळा झाकावा. मोबाइल आणि अभ्यास यांमुळे जवळचे पाहण्याची सवय झालेल्या मुलांत लांबचे धूसर दिसणे पुष्कळ आढळते. शंका आल्यास सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय किंवा वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय यांपैकी सोयीच्या ठिकाणी डोळे तपासून घ्यावेत. चष्मा लागला तर गाडी चालविताना तो नाकावर असलाच पाहिजे, खिशात नव्हे.

रंग ओळखण्याविषयीही विचारले जाते. रंगांधळेपणा मुलग्यांत अधिक असतो आणि तो बहुधा आईकडून येतो. म्हणजे आईच्या वडिलांना तो असेल तर नातवाला असण्याचा संभव असतो. आजोबांना स्वतःविषयी हे माहीत असेल तर सांगून टाकावे. घाबरण्याचे कारण नाही. २०२० मध्ये नियम बदलला आणि सौम्य व मध्यम स्वरूपाच्या रंगांधळेपणाची अडचण दूर करण्यात आली. तीव्र स्वरूपाचा असेल तरच अनुज्ञप्ती नाकारली जाते. रातांधळेपणा आणि ऐकू येणे यांविषयीचे प्रश्नही त्याच कागदावर आहेत.

आणि मग तो प्रश्न येतो, ज्यापाशी पुष्कळ घरे खोटे बोलतात. अपस्माराचे झटके, भोवळ किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे काय? आपल्या समाजात 'फिट येते' हे चार भिंतींच्या आत ठेवण्याची गोष्ट मानली जाते. मुलीचे लग्न, मुलाची नोकरी, भावकीतील बोलणी यांची भीती खोटी नाही, हे मान्य आहे. परंतु औषधाची एक गोळी चुकली, रात्रभर जागरण झाले आणि पुलगावच्या रस्त्यावर ताशी पन्नासच्या वेगात झटका आला, तर गुपित राखल्याची किंमत त्या मुलालाच नव्हे, रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही मोजावी लागेल. असा त्रास असलेल्या मुलाने आपल्या मेंदूविकारतज्ज्ञांशी मोकळेपणाने बोलावे आणि ते नको म्हणाले तर नको. इन्सुलिन घेणाऱ्या मुलांनीही रक्तातील साखर एकाएकी उतरण्याविषयी डॉक्टरांशी आधी बोलून ठेवावे. गाडी न चालविता येणे हे व्यंग नव्हे, हे घरातील वृद्धांनी सांगितले तर मुलाला ते लवकर पटते. कारण आपणही एके दिवशी किल्ली खाली ठेवलेली असते, किंवा ठेवणार असतो.

यावरून आपल्या स्वतःच्या अनुज्ञप्तीचा विषय निघतोच. नातवाला शिकविण्यासाठी आजोबा मागे बसणार असतील तर त्यांची अनुज्ञप्ती वैध हवी. ती काढून तारीख पाहावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पंचावन्न वर्षांनंतर दिलेली किंवा नूतनीकरण केलेली अनुज्ञप्ती पाचच वर्षे चालते. मुदत संपून वर्ष उलटले असेल तर नुसते नूतनीकरण होत नाही, पुन्हा चाचणी द्यावी लागते. चाळिशीनंतर 'नमुना १-अ' हे डॉक्टरांचे प्रमाणपत्रही लागते. ते ओळखीच्या डॉक्टरांकडून न तपासता सही करून घेण्याची प्रथा बंद व्हावयास हवी. काचबिंदूमुळे बाजूचे दिसणे कमी झालेले, मधुमेहाने तळपायाची जाणीव बोथट झालेली किंवा झोपेच्या गोळीची गुंगी सकाळी दहापर्यंत टिकणारी, अशा कितीतरी व्यक्ती आज केवळ सवयीच्या बळावर गाडी चालवीत आहेत. तपासणी खरी झाली तर त्यांचेच भले आहे.

शिकविण्याचे काम मात्र वृद्धांना छान जमते, असे माझे मत आहे. बापाला घाई असते, आजोबांना नसते. पहिले काही आठवडे मोकळ्या मैदानावर, नंतर गर्दी नसलेल्या रस्त्यावर, आणि बजाज चौकासारख्या ठिकाणी सर्वांत शेवटी. नागपूर–हैदराबाद महामार्गावरील जाम, हिंगणघाट, वडनेर हा पट्टा किंवा यवतमाळकडे जाणारा मार्ग शिकाऊ मुलासाठी नाहीच. हिवाळ्यात कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघतात, दिवे नसलेल्या बैलगाड्या अंधारात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत आणि पहाटेचे धुके शिकवणीच्याच वेळी दाटते. २०२२ च्या जानेवारीत रात्रीच्या वेळी देवळी–वर्धा रस्त्यावर सेलसुऱ्याजवळ मोटार पुलावरून कोसळून सात वैद्यकीय विद्यार्थी दगावले. ती मुले अल्पवयीन नव्हती. आपल्या जिल्ह्यातील रात्रीचा रस्ता प्रौढांनाही सोपा नाही, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

कुमारवयीन मुलांचे हात-पाय चपळ असतात. धोका ओळखून स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत विकसित होत असतो. मागे मित्र बसला की ही मुले अधिक धोका पत्करतात. झोप अपुरी असेल तर आणखीच. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि बारावीचे वेळापत्रक तिचे लचके तोडते. म्हणून पक्की अनुज्ञप्ती मिळाल्यावरही पहिले सहा महिने रात्री गाडी नाही, मागे मित्र नाही आणि मोबाइल डिकीत, असा घरचा नियम असावा. हेल्मेटविषयी वाद घालूच नये. दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका त्याने सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो, असे अनेक अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात. एप्रिल-मेमध्ये पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ते नकोसे होते हे खरे. आत सुती रुमाल बांधावा. मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचे आहे आणि मागे बसणारे आपणच असतो.

एवढे सांगूनही एक युक्तिवाद उरतो आणि तो मायेतून आलेला असल्यामुळे त्याला उत्तर देणे अवघड जाते. 'रात्री-बेरात्री तुम्हाला काही झाले तर? घरात गाडी चालविणारे कोणी नको का?' सून म्हणते, मुलगा म्हणतो आणि आपल्यालाही ते पटते. परंतु थोडा विचार करावा. पक्षाघाताचा झटका आला तर एक हात लुळा पडतो. असा माणूस स्कूटरवर मागे बसून काय धरणार? छातीत कळ आलेल्या माणसाची शुद्ध वाटेतच हरपू शकते. अशा वेळी सोळा वर्षांच्या घाबरलेल्या मुलाच्या मागे बसविणे म्हणजे एका रुग्णाचे दोन करणे. त्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून चालू आहे, तिला पैसे पडत नाहीत आणि तीत प्राणवायू व डॉक्टर असतात. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून तोंड वाकडे झाले, हात उचलत नाही किंवा बोलणे अडखळते असे दिसताच घड्याळात पाहून वेळ लिहून ठेवावी आणि फोन करावा. उद्या उतरेल म्हणून वाट पाहू नये.

नियमित तपासणीसाठी दवाखान्यात जावयाचे असेल तर गल्लीतील एका भरवशाच्या ऑटोवाल्याशी महिन्याचे ठरवून घेता येते. एसटीत ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आणि ७५ वर्षांनंतर मोफत प्रवास आहे. स्त्रियांना कोणत्याही वयात अर्धे तिकीट. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत शाळेसाठी एसटीचा पास मोफत मिळतो. तेव्हा नातीच्या शाळेसाठी स्कूटर हवीच, असेही नाही.

नातवंडांना मदत करावयाची असतेच. किल्ली न देता ती देता येईल. १०८ ला फोन कसा करावा, घराचा पत्ता कोणत्या खुणेसह सांगावा, हे त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्यावे. रुग्णवाहिका येईपर्यंत एकाने रुग्णापाशी थांबावे आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन रस्त्याच्या तोंडाशी उभे राहावे. आमच्याकडच्या वस्त्यांत घर शोधण्यातच मिनिटे जातात. दूरध्वनीशेजारी भिंतीवर एक कागद चिकटवावा. त्यावर चालू औषधांची नावे व मात्रा, कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे ते, रक्तदाब आणि साखरेचे अलीकडचे आकडे, आधीची शस्त्रक्रिया, डॉक्टरांचा क्रमांक आणि जुनी फाइल कोणत्या कपाटात आहे ते ठळक अक्षरांत लिहावे. दर दोन महिन्यांनी तो बदलावा आणि त्याचे एक छायाचित्र नातवाच्या मोबाइलमध्ये ठेवावे.